सोसायटीची चारशे कार्डं वाटण्याआधी

पुणे, ठाणे, नवी मुंबईतल्या बहुमजली सोसायट्यांमध्ये लॉबीच्या दाराशी कार्ड टेकवायची छोटी काळी पेटी आता सवयीची झाली आहे. कार्ड लावलं की ‘बीप’ वाजतो, चुंबकी कुलूप सुटतं आणि दार ढकलता येतं. अडचण सुरू होते ती बिल्डरने बसवलेली यंत्रणा बंद पडते तेव्हा, किंवा पुनर्विकासानंतर नव्या इमारतीचा ताबा मिळतो आणि आठवड्याभरात तीन-चारशे कार्डं तयार करायची वेळ येते तेव्हा. मग व्यवस्थापक समितीपुढे तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. बाजारातलं कोणतंही कार्ड चालतं का? चारशे कार्डं एकेक करून मशीनला लावत बसायची का? हरवलेलं कार्ड बंद कसं करायचं? ठेकेदार बदलला तर सगळी कार्डं टाकून द्यावी लागतात का?

उत्तरं अवघड नाहीत. पण कामाचा क्रम चुकला की खर्च दोनदा होतो, आणि त्याचा त्रास रात्री उशिरा घरी परतलेल्या माणसाला दारात उभं राहून सोसावा लागतो.

कार्डावर नेमकं काय लिहिलं जातं?

बहुतेक सोसायट्यांमध्ये काहीच लिहिलं जात नाही. कार्डाच्या चिपमध्ये कारखान्यातच एक क्रमांक घातलेला असतो. रीडर तो वाचतो आणि कंट्रोलरकडे पाठवतो. हा क्रमांक आला तर अमुक दार अमुक वेळेत उघडायचं, ही नोंद कंट्रोलरच्या स्मृतीत असते. म्हणजे ठेकेदार ज्याला ‘कार्ड प्रोग्रॅमिंग’ म्हणतो ती खरं तर क्रमांकांची नोंदणी असते. सोसायटीची खरी मालमत्ता ही ती यादी आहे. प्लॅस्टिकची कार्डं उद्या नवी आणता येतील, पण यादी हरवली तर सगळं काम पहिल्यापासून करावं लागतं.

याला दोन अपवाद आहेत. हॉटेलच्या खोल्यांची कुलपं बहुधा कोणत्याही तारेने जोडलेली नसतात, म्हणून तिथे खोलीचा क्रमांक आणि मुदत कार्डावरच लिहावी लागते. दुसरा अपवाद सुरक्षित प्रकारच्या कार्डांचा. त्यांत गुप्त किल्ल्या घालून मगच माहिती लिहितात.

आधी रीडर ओळखा, मग कार्ड विकत घ्या

दिसायला सगळी कार्डं सारखीच पांढरी असतात, पण आतून ती वेगळी असतात. आपल्याकडे दारांसाठी प्रामुख्याने दोन जाती चालतात.

- १२५ किलोहर्ट्झची कार्डं. बाजारात त्यांना ‘ईएम कार्ड’ किंवा ‘प्रॉक्सिमिटी कार्ड’ म्हणतात. स्वस्त आणि टिकाऊ असतात. जवळ आलेल्या कोणत्याही रीडरला ती आपला क्रमांक सांगून टाकतात. कसलीही ओळख विचारत नाहीत.
- १३.५६ मेगाहर्ट्झची कार्डं. यांत ‘मायफेअर क्लासिक’ सगळ्यात जास्त दिसतं. ‘मायफेअर डेसफायर’ हे त्याच घराण्यातलं, पण सुरक्षेच्या दृष्टीने बरंच पुढचं कार्ड आहे.

हातातलं कार्ड कोणत्या जातीचं आहे ते घरबसल्या कळतं. एनएफसी असलेल्या अँड्रॉइड फोनवर एनएक्सपी कंपनीचं ‘टॅगइन्फो’ हे मोफत अ‍ॅप घ्या आणि कार्ड फोनच्या पाठीला लावा. कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झचं असेल तर त्याचा प्रकार पडद्यावर दिसतो. फोनला काहीच कळलं नाही, तर ते बहुधा १२५ किलोहर्ट्झचं आहे.

मग दहा नमुना कार्डं मागवा आणि इमारतीतल्या प्रत्येक रीडरवर लावून पाहा. लॉबी, लिफ्ट, क्लब हाउस, तळघराचं दार, काहीही सोडू नका. लिफ्ट नंतरच्या ठेक्यात आलेली असेल तर तिथला रीडर वेगळा निघण्याची दाट शक्यता असते. ही तपासणी झाल्यावरच मोठी ऑर्डर द्या. गरजेपेक्षा दहा-पंधरा टक्के कार्डं जास्त घ्या, आणि क्रमवार क्रमांक असलेला एकच गठ्ठा मागा.

फोनच दाराला लावता येईल का, हा प्रश्न हमखास येतो. साध्या रीडरवर नाही. अँड्रॉइड फोन कार्डासारखा वागू लागला की बहुधा दर वेळी वेगळाच ओळख क्रमांक सांगतो, त्यामुळे तो यादीत नोंदवून उपयोग होत नाही. त्यासाठी त्याच कामाचे रीडर आणि अ‍ॅप लागतात.

स्वस्त कार्डाची नक्कल किती सोपी आहे?

खूपच सोपी. ईएम कार्डाचा क्रमांक हातात मावणाऱ्या यंत्राने काही सेकंदांत कोऱ्या कार्डावर उतरवता येतो. एखाद्या भाडेकरूने घर सोडताना कार्ड परत केलं, एवढ्यावरून त्याची नक्कल बाहेर नाही असं म्हणता येत नाही.

मायफेअर क्लासिकची गोष्ट लांब आहे. त्यातली गुप्त पद्धत ४८ बिटांच्या किल्लीवर चालते. २००८ साली नेदरलँड्समधल्या नायमेखन इथल्या रॅडबाउड विद्यापीठाच्या संशोधकांनी ती मोडून दाखवली. निबंध छापला जाऊ नये म्हणून उत्पादक एनएक्सपी कोर्टात गेली. आर्नहेमच्या न्यायालयाने त्या वर्षी जुलैमध्ये मागणी फेटाळली आणि निबंध प्रसिद्ध झाला. मार्च २०२४ मध्ये ‘सॅफलॉक’ जातीच्या हॉटेल कुलपांतली त्रुटी संशोधकांनी जाहीर केली. १३१ देशांतली ३० लाखांहून जास्त कुलपं तिच्या कक्षेत येत होती. त्याच वर्षी ‘क्वार्क्सलॅब’ या फ्रेंच कंपनीच्या संशोधकाने क्लासिकशी मिळतीजुळती चिनी चिप तपासली आणि तिच्यात सगळ्या कार्डांना लागू पडणारी मागच्या दाराची किल्ली सापडली. अशी कार्डं भारतातल्या हॉटेलांमध्येही वापरात असल्याचं त्या अहवालात म्हटलं होतं.

याचा अर्थ प्रत्येक सोसायटीने उद्याच महागडी यंत्रणा घ्यावी असा नाही. लॉबीत चोवीस तास सुरक्षारक्षक आणि कॅमेरा असेल, तर ईएम कार्डावर काम भागू शकतं. रक्षक नसलेलं मागचं दार, सर्व्हर रूम, दवाखान्यातलं औषधांचं कपाट इथे मात्र डेसफायरसारखं कार्डच घ्या. त्यात १२८ बिटांची एईएस पद्धत वापरता येते.

पण इथेच सगळ्यात महागडी फसगत होते. डेसफायर कार्डं घेतली आणि रीडर त्यांचा फक्त उघडा ओळख क्रमांक वाचत असेल, तर जास्तीचे पैसे वाया गेले. कारण तो क्रमांक सगळ्यांना उघड असतो. ठेकेदाराला लेखी विचारा: ‘रीडर कार्डाचा नुसता यूआयडी वाचतो, की किल्लीने उघडणारी आतली माहिती वाचतो?’ उत्तर टाळलं गेलं तर ऑर्डर थांबवा.

एकच कार्ड, तीन क्रमांक

चारशे कार्डांची यादी बिघडते ती बहुधा इथे, म्हणून हा भाग नीट समजून घ्या.

ईएम कार्डावर दोन प्रकारचे आकडे छापलेले असतात. उदाहरणार्थ, ०००८१२३४५६ आणि शेजारी १२३,६२५२८. ही दोन वेगळी कार्डं नाहीत. एकाच क्रमांकाची दोन रूपं आहेत. १२३ ला ६५,५३६ ने गुणून त्यात ६२,५२८ मिळवले की ८१,२३,४५६ येतात. पहिला आकडा ‘फॅसिलिटी कोड’, तर दुसरा कार्ड क्रमांक.

रीडर आणि कंट्रोलर यांच्यातली जुनी आणि अजूनही सर्रास चालणारी भाषा म्हणजे २६ बिटांची ‘विगंड’. तिच्यात फॅसिलिटी कोडला ८ बिट, कार्ड क्रमांकाला १६ बिट आणि पडताळणीला २ बिट असतात. ३४ बिटांचा प्रकारही आहे, त्यात जास्त लांब क्रमांक मावतो. लॉबीचा रीडर २६ वर आणि लिफ्टचा ३४ वर लावलेला असेल, तर एकाच कार्डाचे दोन वेगळे क्रमांक कंट्रोलरकडे जाऊ शकतात. ‘लॉबी उघडते, लिफ्ट चालत नाही’ या तक्रारीमागे अनेकदा हेच कारण असतं. काही ठिकाणी सोय म्हणून कंट्रोलरला फॅसिलिटी कोडकडे दुर्लक्ष करायला सांगितलेलं असतं. मग उरतात फक्त ६५,५३६ क्रमांक, आणि शेजारच्या सोसायटीतलं एखादं कार्ड तुमचं दार उघडू शकतं.

१३.५६ मेगाहर्ट्झच्या कार्डांत आणखी एक गोंधळ होतो. काही रीडर ओळख क्रमांक सरळ वाचतात, तर काही उलट्या क्रमाने. सोळाच्या पद्धतीत १२ ३४ ५६ ७८ असा क्रमांक असेल तर सरळ वाचणाऱ्या रीडरवर दशमान संख्या येते ३०५४१९८९६. उलट वाचणारा तोच क्रमांक ७८ ५६ ३४ १२ असा घेतो आणि सांगतो २०१८९१५३४६. कार्ड तेच, पण कंट्रोलरच्या लेखी माणूस अनोळखी. म्हणून टेबलावरच्या नोंदणी रीडरने वाचलेला क्रमांक आणि दारावरच्या रीडरकडून कंट्रोलरच्या नोंदवहीत आलेला क्रमांक, दोन्ही पाच कार्डांवर ताडून पाहा. जुळले तरच पुढे जा.

यादी कशी तयार करावी

प्रत्येक कार्डाची एक ओळ, आणि त्या ओळीत इतकं असावं: छापील क्रमांक, रीडरने वाचलेला क्रमांक, विंग आणि सदनिका, कार्ड कोणासाठी (सदस्य, भाडेकरू, घरकामगार, कर्मचारी), दारांचा गट, दिल्याची तारीख, मुदत आणि सध्याची स्थिती. दारांचे गट आधी ठरवा. पाच-सहा पुरतात, प्रत्येक घरासाठी वेगळी सवलत देत बसलात तर वर्षभरात कोणालाच काही उमगेनासं होतं.

यादी एक्सेलमध्ये करताना हे सांभाळा:

- क्रमांकाचा रकाना सुरुवातीलाच ‘टेक्स्ट’ करा. नाहीतर ०००८१२३४५६ मधली सुरुवातीची शून्यं गळतात.
- फाइल सीएसव्ही म्हणून जतन केली आणि नंतर दोनदा क्लिक करून उघडली, तर तीच शून्यं पुन्हा गळतात. ‘इम्पोर्ट’ करून रकान्याचा प्रकार टेक्स्ट निवडा.
- १२३,६२५२८ असा स्वल्पविराम असलेला क्रमांक सीएसव्हीत तसाच गेला, तर त्याचे दोन रकाने पडू शकतात.
- सोळाच्या पद्धतीतल्या क्रमांकात बाकी सगळे अंक आणि मध्येच इंग्रजी ‘ई’ हे अक्षर असेल, तर एक्सेल त्याला दहाच्या घातातली संख्या समजून बदलून टाकतं.
- एक्सेल कोणत्याही संख्येचे फक्त पहिले १५ अंक अचूक ठेवतं. सात बाइटांचा ओळख क्रमांक दशमान रूपात १७ अंकी असू शकतो. त्याचे शेवटचे अंक निमूटपणे शून्य होतात.

शेवटी दुहेरी नोंदी शोधायला विसरू नका. कार्ड चुकून दोनदा वाचलं गेलं की खालची सगळी नावं एका ओळीने सरकतात, आणि जोशींच्या कार्डावर शेखांची सदनिका लागते.

चारशे कार्डांची नोंदणी: चार मार्ग

*मास्टर कार्ड किंवा कीपॅड.* छोट्या स्वतंत्र मशीनवर मास्टर कोड दाबून एकेक कार्ड लावत जायचं. वीस-तीस कार्डांपर्यंत ठीक. काही मशीनवर पहिला क्रमांक आणि एकूण संख्या दिली की क्रमवार गठ्ठा एकदम नोंदवता येतो. क्रमवार कार्डं घ्यायची ती यासाठीच. या मार्गाचा मोठा तोटा पुढे कळतो. कोणत्या कार्डाला कोणती जागा दिली हे लिहून ठेवलं नसेल, तर हरवलेलं कार्ड वेगळं काढता येत नाही. सगळी स्मृती पुसून नव्याने नोंदणी करावी लागते.

*टेबलावरचा यूएसबी रीडर.* संगणकाला तो कीबोर्डच वाटतो. कार्ड ठेवलं की क्रमांक टाइप होतो आणि कर्सर खालच्या ओळीवर जातो. एकाने कार्ड लावायचं, दुसऱ्याने छापील क्रमांक वाचून ताडायचा. बहुतेक सोसायट्यांसाठी हाच मार्ग सगळ्यात बरा.

*यादीची आयात.* एक्सेलमधून यादी सॉफ्टवेअरमध्ये घेऊन ती कंट्रोलरवर चढवायची. आधी पाच ओळींची चाचणी करा. सॉफ्टवेअरमध्ये नाव दिसणं आणि कंट्रोलरपर्यंत पोचणं या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘अपलोड’ किंवा ‘सिंक’ राहून गेलं म्हणून दार न उघडण्याचे प्रसंग फार येतात.

*कारखान्यातून भरून आलेली कार्डं.* ठरलेला फॅसिलिटी कोड आणि क्रमांकांची रांग देऊन ऑर्डर करता येते. गठ्ठ्यासोबत क्रमांकांची फाइलही मागा.

नोंदणीनंतर प्रत्येक गटातलं किमान एक कार्ड प्रत्येक दारावर लावून पाहा. उघडायला हवं तिथे उघडतं का, याइतकंच महत्त्वाचं की उघडायला नको तिथे ते बंद राहतं का. जुनी आणि नवी कार्डं आठवडाभर सोबत चालू ठेवा. गावी गेलेले लोक परत येईपर्यंत जुनी एकदम बंद करू नका.

कार्डावर सदनिका क्रमांक कधीही छापू नका. हरवलेलं कार्ड ज्याला सापडेल त्याच्या हातात घराचा पत्ताच जातो. अनुक्रमांक पुरेसा आहे. आणि गळ्यात अडकवण्यासाठी कार्डाला वाटेल तिथे भोक पाडू नका. आतली तांब्याची तार तुटली की कार्ड कायमचं गेलं.

दार आतून नेहमी उघडलं पाहिजे

कार्डांच्या घाईत ही बाब मागे पडते, आणि जिवावर बेतू शकते ती हीच. राष्ट्रीय बांधकाम संहितेनुसार बाहेर पडण्याचं दार ज्या बाजूने वापरायचं त्या बाजूने किल्लीशिवाय उघडता आलं पाहिजे. आत बटण हवं, ते बिघडल्यास वीज तोडणारी आपत्कालीन पेटी हवी, आणि आगीची सूचना देणारी यंत्रणा वाजली की कुलपाची वीज आपोआप तुटली पाहिजे. चुंबकी कुलूप वीज गेल्यावर सुटतं, म्हणून ते सुटकेच्या वाटेवर चालतं. वीज गेल्यावर बंदच राहणारं कुलूप तिथे लावायचं असेल, तर आतून हँडल फिरवून ते उघडलंच पाहिजे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ नुसार दर जानेवारी आणि जुलैमध्ये परवानाधारक संस्थेकडून ‘ब’ नमुन्यातलं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. त्या तपासणीच्या वेळी ही दारंही उघडून पाहायला सांगा.

याची दुसरी बाजू पावसाळ्यात दिसते: वीज गेली की लॉबी सताड उघडी. त्यासाठी बॅटरी लागते. १२ व्होल्टचं छोटं चुंबकी कुलूप साधारण अर्धा अँपिअर वीज घेतं, म्हणजे ७ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी काही तास सहज निभावते. जुनी झालेली बॅटरी मात्र तासाभरातच मान टाकते, म्हणून तिच्यावर बसवल्याची तारीख लिहून ठेवा.

आणखी एक: ज्या मशीनमध्ये रीडर आणि कुलपाचा स्विच एकाच पेटीत असतात, ती बाहेरच्या भिंतीवर लावू नका. पेटी उचकटून दोन तारा जोडल्या की दार उघडतं. कंट्रोलर वेगळा आणि आतल्या बाजूला हवा.

तुमचे हक्क

- थकबाकीसाठी कार्ड बंद करणं. देखभाल शुल्क थकलं म्हणून सदस्याला त्याच्याच घराच्या वाटेवर अडवणं योग्य नाही. असं अडवणं फौजदारी तक्रारीचा विषय होऊ शकतं. वसुलीसाठी सहकार कायद्यात वेगळा मार्ग आहे: कलम १५४ब-२९ खाली वसुली दाखला. असा प्रसंग आल्यास आधी समितीला लेखी कळवा आणि पोच घ्या, मग उपनिबंधकांकडे जा.
- भाडेकरू. त्यांच्या कार्डाला कराराच्या तारखेपर्यंत मुदत घालणं योग्य आहे. कार्डाचा दर मात्र सगळ्यांना सारखा, प्रत्यक्ष खर्चाइतका असावा. घर भाड्याने दिल्याचं बिनभोगवटा शुल्क आधीच घेतलं जातं आणि त्यालाही सेवाशुल्काच्या १० टक्क्यांची मर्यादा आहे.
- घरकाम करणाऱ्या व्यक्ती. एकच मावशी चार घरांत काम करतात. त्यांचं कार्ड एका सदनिकेला बांधलं, तर त्या घराचं काम सुटताच बाकी तीन घरांचं दारही बंद होतं. कार्ड त्यांच्या स्वतःच्या नावावर द्या. हरवलं तर दंडाऐवजी बदली कार्डाची मूळ किंमतच घ्या.
- ये-जा करण्याच्या नोंदी. कोण किती वाजता घरी आलं, हा खासगी मामला आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ साली झाला आणि त्याखालचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. त्यांतल्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. त्यांची वाट न पाहता सोसायटीने ठराव करावा: नोंदी कोण पाहू शकेल, कोणत्या कारणासाठी आणि किती दिवसांनी पुसल्या जातील.

ठेकेदाराकडून काय ताब्यात घ्यायचं

शेवटचं बिल देण्याआधी या गोष्टी सोसायटीच्या हातात आल्या पाहिजेत:

1. सॉफ्टवेअरचं मुख्य वापरकर्तानाव आणि पासवर्ड
2. प्रत्येक मशीनचा मास्टर कोड, कारखान्याचा मूळ कोड बदलून
3. कार्डांची संपूर्ण यादी आणि डेटाबेसची प्रत
4. रीडर किती बिटांवर लावले आहेत आणि क्रमांक कोणत्या क्रमाने वाचतात, याची लेखी नोंद
5. तारांचा नकाशा
6. सुरक्षित कार्डं असतील तर त्यांच्या गुप्त किल्ल्या

सहाव्या मुद्द्यावर अडून बसा. ठेकेदाराने स्वतःचीच ठरावीक किल्ली सगळीकडे वापरली असेल, तर पुढचं प्रत्येक कार्ड त्याच्याकडूनच, त्याच्या दराने घ्यावं लागतं. किल्ली सोसायटीसाठी वेगळी तयार करायला लावा, ती दोन बंद पाकिटांत ठेवा, आणि पाकिटं दोन वेगळ्या जागी: एक कार्यालयात, एक बँकेच्या लॉकरमध्ये. ही अट करारात आधीच घातली असेल तर काम झाल्यावर वाद उरत नाही.

कार्ड हरवल्याची तक्रार आली की आधी जुना क्रमांक कंट्रोलरमधून काढा, तो खरोखर बंद झाला याची नोंद पाहा, आणि मगच नवं कार्ड द्या. वर्षातून एकदा, वार्षिक सर्वसाधारण सभेच्या सुमाराला, सहा महिन्यांत एकदाही न वापरलेल्या कार्डांची यादी काढा. संबंधित घरांना पंधरा दिवसांची सूचना द्या, उत्तर न आलेली कार्डं बंद करा आणि अद्ययावत यादीची छापील प्रत सचिव व खजिनदार यांच्या सह्यांनिशी दप्तरी लावा.